पाणी अडवणारा उंबरठा

मुंबईत, गोवंडीच्या शिवाजीनगरात उंबरठा लाकडाचा नसतो. विटा, सिमेंट आणि वर उरलेल्या लादीचा एखादा तुकडा, असा तो असतो, आणि दर काही वर्षांनी वाढत जातो. गल्लीत भर पडते, गल्ली वर येते, घर तिथेच राहतं. मग पावसाळ्यात गटाराचं पाणी आत शिरू नये म्हणून उंबरठ्यावर आणखी एक वीट चढते. काही घरांत तो आता गुडघ्याला लागतो. बाई दिवसातून पंचवीस-तीस वेळा तो ओलांडते. पाण्याला, संडासाला, रेशनला, मुलाला शाळेत सोडायला, चेंबूरच्या चार घरच्या धुण्याभांड्याला, कचऱ्याच्या डम्पिंगवर, बचतगटाच्या मीटिंगला. ओलांडताना साडी नाहीतर सलवार चिमटीत धरून जरा वर घेते, एवढंच.

या पुस्तकाची सुरुवात त्या उंबरठ्याला अडखळूनच झाली. मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या स्त्रीच्या आत्मभानाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे एक तयार शब्दप्रयोग असतो: तिने उंबरठा ओलांडला. मीही तो वर्षानुवर्षं वर्गात वापरला. पालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या काही जणींबरोबर महिन्यातून दोन शनिवारी दुपारी मी वाचत बसायला लागले. पहिल्याच बैठकीत हा शब्द तोंडातून गेला आणि एकीने साळसूदपणे विचारलं, बाई, कुठला, पाणी अडवायचा? सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परतताना स्टेशनच्या पुलावर तो प्रश्न मागून येतच होता. ज्यांच्या आज्या-पणज्या कधी घरात बसल्याच नाहीत, ज्यांना बाहेर पडण्याची परवानगी मागायला वेळच नव्हता, त्यांच्या आत्मभानाला आपल्या कादंबरीत कुठलं माप आहे?

पुढचे लेख म्हणजे त्या बैठकांतून झालेली टिपणं. ही प्रस्तावना त्या टिपणांमागचा प्रश्न मांडण्यासाठी आहे.

आधी दोन चित्रपटांबद्दल सांगते, कारण प्रश्न तिथे डोळ्यांना दिसतो. १९८१ साली ‘चक्र’ आला, १९८२ साली ‘उंबरठा’. दोन्हींच्या मुळाशी मराठी कादंबऱ्या: पहिल्याच्या जयवंत दळवींची त्याच नावाची, १९६३ ची, दुसऱ्याच्या शांता निसळ यांची ‘बेघर’. दोन्हींत स्मिता पाटील. ‘चक्र’मध्ये ती झोपडपट्टीतली अम्मा आहे, बेनवाची आई. ‘उंबरठा’त ती सुलभा महाजन, वकिलाची बायको, समाजकार्य शिकलेली, नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून दूरच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाणारी. सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते आणि चित्रपट रेल्वेच्या डब्यात संपतो. मराठी मध्यमवर्गाने हा चित्रपट डोक्यावर घेतला आणि त्यावर घराघरांत भांडणंही केली. मुलीला सोडून गेली हे अनेकांना सहन झालं नाही. जब्बार पटेलांनी आणि पटकथा लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी तिला शिक्षा केली नाही, हे तर अजिबातच नाही.

गंमत बघा, उंबरठा ओलांडणाऱ्या सुलभेच्या कादंबरीचं नाव ‘बेघर’. आणि अम्मा, जिला खरोखरच घर नाही, तिची सारी धडपड एका पक्क्या खोलीसाठी. एकीला घरातून सुटायचं आहे, दुसरीला घरात शिरायचं आहे. एकाच नटीने दोघींचं जगणं अंगावर घेतलं, आणि आपल्या चर्चाविश्वाने त्यातलं फक्त पहिलं ‘स्त्रीमुक्ती’च्या खात्यात जमा केलं. दुसऱ्याची नोंद ‘वास्तववादा’त झाली. अम्मा उघड्यावर अंघोळ करते ते दृश्य जाहिरातीच्या फलकांवर लावलं गेलं आणि त्यावरही पुष्कळ बोललं गेलं, पण ते दिसण्याबद्दल. आमच्या बैठकीत या दृश्यावर बोलणं झालं ते वेगळंच. मोरीला पडदा कधी आला, दार कधी आलं, कडी कधी बसली, हे प्रत्येकीला सालासकट आठवत होतं. एक म्हणाली की मोरीला आतून कडी बसली त्या दिवशी ती उगाचच अर्धा तास आत बसून राहिली होती. पाणी संपलं होतं. तरी बसून राहिली.

मला हा अर्धा तास मराठी कादंबरीत हवा आहे.

शिवाजीनगर हे पालिकेने आखून दिलेलं पुनर्वसन आहे. सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून लोकांना इथे आणलं गेलं. रस्त्यांना क्रमांक, ओळींना अक्षरं आणि एका कुटुंबाला दहा बाय पंधरा फुटांची जागा. अजूनही पत्ता सांगताना लोक रोड नंबर आणि प्लॉट नंबर सांगतात. दीडशे चौरस फुटांत सासू, नवरा, तीन मुलं, वर पोटमाळ्यावर दीर-जाऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि सोलापूर-साताऱ्याकडून आलेली कुटुंबं आहेत, उत्तरेतून आलेली मुसलमान कुटुंबं तर त्याहून जास्त. पलीकडे देवनारचा कचऱ्याचा डोंगर. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा भाग, म्हणजे पालिकेचा एम पूर्व विभाग, शहराच्या तळाशी होता. इतकं सांगून या भागाबद्दलची बहुतेक लेखनं थांबतात आणि मला नेमका त्याचाच कंटाळा आहे. तळाशी असलेल्या माणसाला मन असतं की नाही, हे अहवाल विचारत नाही. ते काम कादंबरीचं.

आता मागे जाऊ या, फार रेंगाळायचं नाही. मराठीतल्या पहिल्या कादंबरीची, बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ची नायिका यमुना. ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः आलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ची नायिका यमू, म्हणजे पुन्हा यमुनाच. दोघीही विधवा होतात. पहिली आजूबाजूच्या विधवांची दुःखं बघत फिरते, दुसरी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. हरिभाऊंनी यमूला ‘मी’ दिला, हे त्यांचं मोठेपण. पण तो ‘मी’ एका पुरुषाने दिलेला होता. तो देत असताना बायकांचा स्वतःचा ‘मी’ बाहेर पडू लागला होताच. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा अर्भकहत्येचा खटला हे त्याचं निमित्त. त्यात त्यांनी त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांनाही धारेवर धरलं, बायकांची खोटी चित्रं काढता म्हणून. मराठीतली पहिली स्त्रीवादी साहित्यसमीक्षा मी तिथे मोजते. काशीबाई कानिटकरांनी पुढे ‘पालखीचा गोंडा’त बायकांच्या हाती राज्यकारभार दिला. ती कादंबरी आज वाचायला जड जाते, हेही कबूल करायला हवं.

विभावरी शिरूरकरांपाशी मात्र थांबावं लागतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि पुण्या-मुंबईत गहजब झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, बापाच्या संसाराला हातभार लावता लावता लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनातलं एका बाईने उघड लिहिलं होतं, आणि ती बाई कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शोध सुरू झाले, निषेध झाले. बाळूताई खरे हे तिचं माहेरचं नाव, मालती बेडेकर हे लग्नानंतरचं. तीन नावांपैकी स्वतः निवडलेलं एकच, पुस्तकावरचं. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’. नवऱ्याने टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नाशिवाय मूल हवं म्हणते. घटस्फोटाचा मार्ग तिला नव्हता. मुंबई इलाख्यात हिंदू बायकांना तो १९४७ च्या कायद्याने मिळाला, देशभर १९५५ च्या. म्हणजे अचला कायद्याच्या कितीतरी पुढे चालत होती.

हे सगळं मी बैठकीत मोठ्या आवेशाने सांगितलं. समोरून प्रतिसाद थंड. मग जालन्याकडच्या एक मावशी म्हणाल्या की यात एवढं गाजायला काय झालं, त्यांच्या आजीने पाट लावला होता, दोनदा. दुसरीने सांगितलं, आमच्यात त्याला, म्हणजे बाईच्या पुनर्विवाहाला, म्होतूर म्हणतात. ज्या गोष्टीने पुण्यातल्या सभा तापल्या, ती गावोगावच्या कितीतरी जातींत रूढी होती. मला वाटतं आपल्या साहित्याच्या इतिहासात ही ओळ ठळक लिहायला हवी: ‘पहिलं बंड’ म्हणून आपण जे शिकवतो, ते अनेकदा थोड्याच घरांतलं पहिलं असतं.

पण विषय तिथे संपला नाही. मी विचारलं, आजीला पाट लावायचा होता का? मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग तुकड्या-तुकड्यांत कळलं. पहिला नवरा गेला तेव्हा दिरांनी ठरवलं. रात्रीच्या अंधारात, ना हळद ना वाजंत्री. पहिल्या नवऱ्याची मुलगी सासरीच राहिली. आजीला कुणी विचारलं असेल असं मावशींना वाटत नव्हतं आणि आपणही आजीला कधी विचारलं नाही, हे बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. रूढी मोकळी होती, बाई मोकळी होती असं नाही. मग आम्ही ‘हिंदोळ्यावर’ पुन्हा उघडली. अचलेने दुसरा पुरुष केला हे त्यांना पहिल्या वाचनात दिसलं होतं. तिने तो स्वतः ठरवला, ठरवताना स्वतःशी किती वाद घातला, हे दुसऱ्या वाचनात दिसलं. पुस्तक तेच होतं.

माझा मुद्दा इथे कुठेतरी आहे. बाहेर पडणं आणि ‘मी’ म्हणता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी मध्यमवर्गात त्या एकामागून एक आल्या म्हणून आपण त्या एकच समजलो.

झोपडीतली बाई मराठी कादंबरीत आणली ती आधी पुरुषांनी, आणि त्याबद्दल त्यांचं ऋण मानायलाच हवं. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते, इथून फार लांब नाही. ‘वैजयंता’, ‘चित्रा’, ‘चंदन’: त्यांच्या कादंबऱ्यांना बायकांची नावं आहेत आणि त्या बायका रडत बसत नाहीत, वेळ आली तर हात उचलतात. बाबुराव बागुलांच्या ‘सूड’मधली जानकी तर बाईपणच अंगावरून काढून टाकायला निघते, इतका जळजळीत विचार त्या काळी कुण्या सुस्थित लेखिकेनेही केला नव्हता. तरी एक गोष्ट खटकते. या नायिकांपुढचा प्रश्न बहुतेक वेळा इज्जतीचा आहे. कुणीतरी तिच्यावर नजर ठेवून आहे, ती स्वतःला वाचवते किंवा वाचवू शकत नाही. ती एकटी बसली आहे, धोका कुठलाच नाही, आणि ती काहीतरी विचार करते आहे, असं पान क्वचित सापडतं. अण्णाभाऊंना लढणारी बाई हवी होती, काळही तसा होता. पण चोवीस तास कुणी लढत नसतं. दुपारी दोन वाजता, मुलं शाळेत आणि नळ गेलेला असताना, चंदन काय मनात आणत असेल?

याच गोवंडीत एक संस्था आहे जी देशभरातल्या बायकांना प्रश्न विचारते. स्टेशन रोडवरची, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्यामार्फत होतं. पहिलं १९९२-९३ मध्ये झालं, पाचवं २०१९-२१ मध्ये. त्यात बायकांना विचारतात की बाजारात, दवाखान्यात, वस्तीबाहेर तुम्ही एकट्या जाऊ शकता का, कुणाबरोबर, की नाहीच. स्वतःच्या औषधपाण्याचा निर्णय कोण घेतं. स्वतःच्या मर्जीने खर्च करता येतील असे पैसे तुमच्याकडे आहेत का. स्वतः वापरता असा मोबाइल आहे का. न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक धड केला नाही, वाद घातला तर नवऱ्याने मारणं योग्य वाटतं का, हेही विचारतात, आणि पुरुषांनाही विचारतात.

हे प्रश्न चांगले आहेत. त्यामागे कष्ट आहेत आणि त्यांच्या उत्तरांवर धोरणं हलतात. गंमत म्हणून आम्ही ते आपापसांत विचारून बघितले. एकटी बाजारात जाता? रोजच. दवाखान्यात? दुसरं कोण नेणार. वस्तीबाहेर? चेंबूर, घाटकोपर, वाशी, कामासाठी जिथे पडेल तिथे. या तीन प्रश्नांवर आमच्या बायका वाड्यातल्या कुठल्याही नायिकेपेक्षा स्वतंत्र ठरल्या. पैशाच्या प्रश्नापाशी गाडी अडली. पैसे सगळ्यांकडे होते. भिशीचे, तांदळाच्या डब्यातले, शेजारणीकडे ठेवलेले. पण ‘तुमचे’ म्हणजे काय, यावर एकमत होईना. लपवलेले पैसे स्वतःचे की पोरीच्या लग्नाचे? लपवावे लागतात ते स्वतःचे म्हणायचे का? सर्वेक्षणाच्या रकान्यात होय किंवा नाही यांपैकी एकावर खूण होते. त्या खुणेच्या आधी बाई क्षणभर जी थांबते, तिथे कादंबरी सुरू होते. एकाच स्टेशन रोडवर दोन्ही कामांना जागा आहे.

जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९५४ पासून. तिथल्या स्त्री-अभ्यास विभागाची धुरा वाहिलेल्या छाया दातार मुळात कथाही लिहीत होत्या, हे आज अनेकांना आठवत नाही. चळवळ आणि अभ्यास यांनी कितीतरी मराठी लेखिका कथेपासून ओढून नेल्या. त्याबद्दल तक्रार करावी की अभिमान बाळगावा, माझं अजून ठरत नाही.

गौरी देशपांडे वाचायला घेताना मी घाबरले होते. विमानं, परदेशातली घरं, इंग्रजी कविता, मनासारखे पुरुष. १९८० साली ‘एकेक पान गळावया’ आलं तेव्हा आम्ही कॉलेजातल्या मुली त्यावर फिदा होतो आणि आमच्या प्राध्यापकांना त्या नायिका माजलेल्या वाटत. गोवंडीत काय वाटेल? झालं असं की त्या संग्रहातल्या ‘कारावासातून पत्रे’ या शीर्षकावरच अर्धी बैठक गेली. आपण शेवटचं पत्र कधी लिहिलं, कुणाला लिहिलं. बहुतेकींनी आयुष्यात पत्र लिहिलंच नव्हतं. गावाकडून आलेलं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, आणि आता तर मोबाइलवर बोलून पाठवतात. पत्रात सुरुवातीलाच ‘मी’ येतो, बोलण्यात तो चुकवता येतो, असं एकीच्या ध्यानात आलं. बोलताना आम्ही म्हणतो, आपल्याला काय करायचंय, बाईच्या जातीला असंच असतं, घरात असं चालतं. ‘मला नको आहे’ हे वाक्य मराठीत केवढं साधं आहे, आणि किती जणींनी ते आयुष्यात म्हटलेलं नाही. गौरीच्या नायिकांची श्रीमंती बाजूला ठेवली तर त्या हे वाक्य सतत, थकेपर्यंत म्हणत राहतात. त्यांचं सुख-दुःख आमच्यापासून लांब आहे. वाक्य लांब नाही.

कमल देसाईंची ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ अर्धी कळली, अर्धी कळली नाही. मलाही तशीच कळते. तरी डोक्यावर हॅट घालून सिनेमा काढायला निघालेली बाई सगळ्यांना फार आवडली. सानिया, आशा बगे, मेघना पेठे यांच्यावर पुढे स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथे नुसती नावं. कविता महाजनांच्या २००५ च्या ‘ब्र’चं नाव ऐकूनच बायका सावरून बसल्या. ‘ब्र काढायचा नाही’ हे ऐकत वाढलेल्या पोरींना त्या एका अक्षराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कथात्म साहित्यावरच्या पुस्तकात आत्मकथनं कशाला, असं कुणी विचारेल. मी त्यांना वगळू शकले नाही. दलित बायकांना कादंबरीत जागा मिळाली ती दुसऱ्यांनी दिलेली. स्वतःची त्यांनी आत्मकथनात घेतली. बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहून सुमारे वीस वर्षं घरात लपवून ठेवलं. दुकानात बसून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहिलं आणि नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून दडवलं. पुस्तक म्हणून ते १९८६ साली आलं. ही हकिगत सांगितली तेव्हा बैठकीत जी शांतता झाली ती मला वर्गात पस्तीस वर्षांत मिळाली नव्हती. तांदळाच्या डब्यातले पैसे आणि दुकानातलं हस्तलिखित, दोन्ही एकाच प्रकारे जपलेली. फरक असा की एक खर्च होऊन गेलं आणि दुसरं आपल्यापर्यंत पोचलं.

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’, २००३ चं. आई बांबूच्या टोपल्या विणायची, त्या विणीतून आपलं लिहिणं आलं असं त्या मानतात. लग्नानंतर एम. ए. करताना, चळवळीत फिरताना घरात झालेली कुरबुर त्यांनी लपवली नाही. बाहेर समतेचं बोलणारा माणूस घरात कसा वागतो, हे सांगायला त्या कचरल्या नाहीत. मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं पुस्तक केलं. त्यातल्या बायका सभेला गेल्या, मोर्चाला गेल्या, तुरुंगातही गेल्या. म्हणजे बाहेर तर त्या कधीच पडलेल्या होत्या. ‘आयदान’ त्यांच्या घरी परतल्यानंतरचं पुस्तक आहे, आणि म्हणून मला ते दोन्हींत जास्त धाडसी वाटतं. प्रज्ञा दया पवार यांच्या ‘अफवा खरी ठरावी म्हणून’मधल्या कथा आणि शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ ही वस्तीतल्या मुलीची कादंबरी, ही त्याच्या पुढची वाट. इथे झोपडीतली मुलगी स्वतः विचार करते, चुकते, हसते, आणि तिच्यावर कुणी नजर ठेवून असेल तर ती उलटून नजर ठेवते.

आमच्यातल्या दोघी उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी त्यांना कळतं, वाचायला वेळ लागतो. त्यांच्यामुळे इस्मत चुगताईंची ‘टेढी लकीर’ आमच्या यादीत आली. ‘लिहाफ’ कथेसाठी लाहोरच्या कोर्टात खटला झेललेली ही बाई आयुष्याचा मोठा भाग मुंबईत राहिली. तिच्या या कादंबरीची नायिका शमन विभावरींच्या मुलींपेक्षा दहा-बारा वर्षांनीच धाकटी. या नायिकांची गाठ, दोन भाषांच्या मधल्या भिंतीमुळे, कधी पडली नाही. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ मात्र आमच्या उर्दू शाळेतल्या दोघींनी मराठीतच वाचून काढलं, एकीने मोठ्याने आणि दुसरीने ऐकत. या भिंतीला आता तरी खिंडार पडायला हवं, कारण गोवंडीची कादंबरी कुणी लिहील तेव्हा ती एकाच भाषेत विचार करणारी नसेल. देवनारच्या डोंगरावर सौम्या रॉय यांनी २०२१ मध्ये ‘माउंटन टेल्स’ हे पुस्तक लिहिलं, इंग्रजीत, वास्तव हकिगतींचं. मराठीतल्या त्या तोलाच्या कादंबरीची मी वाट बघते आहे, आणि ती बाहेरून येऊन कुणी लिहावी अशी माझी इच्छा नाही.

या पुस्तकाच्या मर्यादा वाचकाला दिसतीलच. निवड आमच्या हाताला लागलेल्या पुस्तकांची आहे. ग्रंथालयातून जे मिळालं, रद्दीवाल्याकडे जे सापडलं, कुणी जे दिलं. गीता साने यांच्या ‘वठलेला वृक्ष’वरचा लेख छोटा आहे, कारण मिळालेल्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. टिपणांमध्ये बायकांची नावं नाहीत. ते त्यांनीच ठरवलं. शुद्धलेखन माझं, मतं सगळ्यांची, आणि जिथे भांडण मिटलं नाही तिथे दोन्ही मतं तशीच ठेवली आहेत. सुलभेने मुलीला सोडून जायला हवं होतं की नको, यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी चहा करून विषय बंद केला.

एका वहीत आम्ही पुस्तकं नेल्याची नोंद ठेवतो. नाव, पुस्तक, तारीख. पहिल्यांदा सही करताना एकजण अडली. नाव पूर्ण लिहायचं का, म्हणजे नवऱ्याचं आणि त्याचं आडनाव? माहेरचं लिहिलं तर चालेल? मी म्हटलं, तुम्हाला हवं ते लिहा, पुस्तक परत आलं म्हणजे झालं. विभावरी शिरूरकरांच्या तीन नावांची गोष्ट नुकतीच झाली होती. तिने थोडा विचार केला, स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं ‘गोवंडीकर’. पुढच्या शनिवारी आणखी दोघींनी तेच केलं, मग सगळ्यांनीच. त्यांतल्या चौघींचं नाव सुनीता आहे. ‘काळा सूर्य’ची आमची एकुलती एक प्रत गेल्या महिन्यापासून सुनीता गोवंडीकर यांच्याकडे आहे, आणि त्यातल्या नेमक्या कुणाकडे, ते मला अजून शोधायचं आहे.